क्लॅरिओनेटच्या अंगावरची अक्षरं

जुनं क्लॅरिओनेट हातात आलं, की बहुतेक माणसं आधी त्याच्या चाव्या दाबून बघतात. खट्‌खट् आवाज झाला की खूश होतात. जाणकार माणूस मात्र ते उचलून खिडकीपाशी नेतो, उजेडात तिरपं धरतो, डोळे बारीक करतो आणि चक्क वाचायला लागतो. दोन फुटांहून जरा लांब अशा त्या काळ्या लाकडावर वाचण्यासारखं पुष्कळ असतं. वरच्या कांड्यावर कारखान्याचं नाव, गाव, कधी रस्त्याचंसुद्धा नाव. त्याखाली एक क्रमांक. खालच्या कांड्यावर पुन्हा तोच क्रमांक. कुठे तरी कोपऱ्यात स्वरपट्टीची दोन अक्षरं. पलटणीचं वाद्य असेल तर सरकारी मालाची बाणाची खूण. सगळं मिळून एखाद्या पोस्टकार्डाएवढा मजकूर. पण तो वाचता आला तर वाद्याची जन्मपत्रिका हातात येते, आणि वाचता आला नाही तर उरतो फक्त काळा दांडका.

अडचण अशी, की आपल्याकडच्या जुन्या वाद्यांवरचा हा मजकूर बहुधा वाचता येतच नाही. पन्नास-साठ वर्षं लग्नांच्या वरातीत, उरसात, तमाशाच्या कनातीत आणि गणपतीच्या मिरवणुकीत वाजलेलं ते वाद्य. त्या अक्षरांच्या खाचांत काय काय जाऊन बसलेलं असतं! बोटांचा घाम, खोबरेल, धूळ, विसर्जनाचा गुलाल. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे दर खंडेनवमीला भक्तिभावानं वाहिलेलं हळदकुंकू. वाजंत्र्याच्या घरी त्या दिवशी वाद्याची पूजा चुकत नाही, आणि गंध लावायचं तर ते कुठे? जिथे ‘साहेबाचं नाव’ आहे तिथेच. तेला-घामात कालवलेलं कुंकू वर्षानुवर्षं थरावर थर चढत जातं आणि लाखेसारखं कडक होतं. लंडन किंवा पॅरिसच्या कारागिरानं उमटवलेलं नाव आपल्या देवघरातल्या कुंकवाखाली गाडलं जातं. मला हे दृश्य पहिल्यांदा बघितलं तेव्हा भारी गंमत वाटली होती.

एका कादंबरीसाठी मी बँडवाल्यांची माहिती गोळा करत हिंडत होतो, तेव्हा पुण्याच्या पेठेत वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांशी ओळख झाली. बँडच्या जगात त्यांना सगळे ‘मास्तर’ म्हणतात. मीही तेच म्हणू लागलो. ते मला ‘साहेब’ म्हणतात, कारण मी बँकेत होतो हे त्यांना कुणी तरी सांगितलं होतं. कादंबरी केव्हाच लिहून झाली. मास्तरांच्या दुकानातलं माझं स्टूल मात्र सुटलं नाही. बँकेत माझी बरीच वर्षं नमुना सहीची कार्डं आणि चेकवरच्या सह्या ताडून पाहण्यात गेली आहेत. तेव्हा पुसट अक्षर, जाणूनबुजून गिरवलेलं अक्षर आणि खरं अक्षर यांतला फरक बघण्याची सवय डोळ्याला होतीच. मास्तरांकडे तोच खेळ लाकडावर चालतो.

आधी ही अक्षरं लाकडावर उमटतात कशी, ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. आपण ‘कोरलेलं नाव’ म्हणतो, पण क्लॅरिओनेटच्या लाकडी अंगावरचं नाव बहुधा कोरलेलं नसतंच. ते दाबलेलं असतं. पोलादाचा ठसा तापवून लाकडावर दाबायचा, की अक्षरांच्या जागचे तंतू आत चेपले जातात आणि थोडे करपतात. आपल्याकडे गुरांना डाग देत, त्यातलाच प्रकार. धातूवरचं काम वेगळं. चांदीच्या बासरीवर किंवा सॅक्सोफोनच्या तोंडावर खरोखरच छिन्नीनं कोरून नक्षी काढतात, तिथे धातू कापून बाहेर निघालेला असतो. लाकडावर काहीच बाहेर निघत नाही, फक्त दबून राहतं. म्हणूनच लाकडावरच्या नावाला पाण्याची भीती. ओल्या फडक्यानं घासघासून पुसलं, किंवा कुणा हुशार माणसानं वाफ दिली, की दबलेले तंतू फुगून वर यायला बघतात आणि नाव उथळ होतं. टेबलाच्या फळीला पोचा पडला तर सुतार ओलं फडकं ठेवून त्यावर इस्त्री फिरवतो आणि पोचा वर येतो, ते आठवा. टेबलाला जो उपाय, तोच इथे अपाय.

लाकूडही साधं नव्हे. जुनी, म्हणजे दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीची युरोपातली वाद्यं पिवळसर बॉक्सवुडची असत. नंतर आलं आफ्रिकेतलं ब्लॅकवुड, ज्याला तिकडे ग्रेनाडिला असंही नाव आहे. टांझानिया आणि मोझांबिककडचं हे झाड. स्वाहिली भाषेत त्याला म्पिंगो म्हणतात. नात्यानं ते आपल्या शिसवीचं सख्खं भावंड, दोघांचं शास्त्रीय कुळ एकच, दालबर्जिया. पण इतकं घट्ट आणि जड, की त्याचा तुकडा पाण्यात टाकला तर बुडतो. या घट्टपणामुळेच त्यावर केसाएवढी बारीक अक्षरं स्वच्छ उठतात आणि शंभर वर्षं टिकतात. टिकतात म्हणजे, आपण टिकू दिली तर. खाचेची खोली नखाच्या जाडीहूनही कमी. पॉलिशपेपरचे चार हात फिरले, की लंडनही गेलं आणि पॅरिसही गेलं.

आता या अक्षरांतून कळतं काय? एक उदाहरण देतो. आपल्याकडे इंग्रजी अमदानीत पलटणींच्या बँडसाठी आणि संस्थानिकांच्या पदरच्या बँडसाठी भरपूर वाद्यं विलायतेहून येत. त्यांत दोन नावं सतत भेटतात. एक ‘बूझी अँड कंपनी, २९५ रीजंट स्ट्रीट, लंडन’ आणि दुसरं ‘हॉक्स अँड सन, डेन्मन स्ट्रीट, पिकॅडिली सर्कस, लंडन’. या दोन प्रतिस्पर्धी पेढ्या १९३० साली एक झाल्या आणि ‘बूझी अँड हॉक्स’ असं जोडनाव आलं. म्हणजे वाद्यावर नुसतं ‘हॉक्स अँड सन’ असेल तर ते १९३० च्या आधीचं. त्यात डेन्मन स्ट्रीटचा पत्ता असेल तर १८९५ नंतरचं, कारण हॉक्स मंडळी त्या जागेत त्या साली आली. एका ओळीच्या पत्त्यावरून पस्तीस वर्षांचा पट्टा नक्की झाला. जोडनाव असेल आणि शेजारी ‘एजवेअर’ लिहिलेलं असेल तर ते लंडनच्या ज्या उपनगरात या मंडळींचा कारखाना होता त्याच्या नावाचं मॉडेल. शाळा-कॉलेजांच्या वाद्यवृंदांतून हे पुष्कळ दिसे. क्रमांक वाचता आला तर आणखी पुढे जाता येतं. या कारखान्याचं दफ्तर २००४ साली लंडनच्या हॉर्निमन म्युझियमनं घेतलं, आणि त्यात उत्पादनाच्या जुन्या वह्या आहेत. कुठल्या क्रमांकाचं वाद्य केव्हा तयार झालं, याच्या ओळीवर ओळी. जुन्या लेजरांमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला हे ऐकून काय वाटलं असेल, ते तुम्हीच ताडा.

पण साल कळणं ही झाली हौस. स्वरपट्टीची दोन अक्षरं मात्र पोटापाण्याचा प्रश्न आहेत. इंग्रजी वाद्यांवर कुठे ‘एच. पी.’ तर कुठे ‘एल. पी.’ असा बारीक ठसा असतो. हाय पिच आणि लो पिच. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात पट्टी चढत चढत इतकी वर गेली, की ज्या स्वराला आज जगभर सेकंदाला ४४० कंपनं धरतात तो तिथे ४५२ वर जाऊन बसला. १८९६ च्या सुमारास लंडनच्या मैफलींनी तो खाली, ४३९ वर आणला. पण पलटणींचे बँड हट्टानं वरच राहिले, ते थेट १९२० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत. त्यामुळे त्या काळातली दोन्ही जातींची वाद्यं बाजारात आहेत आणि दिसायला जवळपास सारखी आहेत. ४५२ आणि ४४० हा फरक जवळजवळ पाव स्वराचा. म्हणजे पेटीवरच्या दोन शेजारच्या पट्ट्यांच्या बरोबर मध्ये कुठे तरी. हाय पिचचं वाद्य घेतलं, की ते कुठल्याही पेटीशी, कीबोर्डशी, ऑर्गनशी जन्मात जुळत नाही. बॅरल बाहेर ओढून पट्टी उतरवता येईल असं नवख्याला वाटतं. पण वाद्याची सगळी भोकंच वरच्या पट्टीच्या हिशेबानं पाडलेली असतात. वरचा एक स्वर जुळवला की खालचा सुटतो. जोवर अख्खा बँड एच. पी. होता तोवर कुणाचं काही अडलं नाही. ऑर्केस्ट्रा आले, इलेक्ट्रिक कीबोर्ड आले, तेव्हा कैक चांगल्या वाजवणाऱ्यांना ‘तुझा सूर लागत नाही’ असं ऐकून घ्यावं लागलं. सूर त्यांचा नव्हताच, तो वाद्याचा होता. आणि ते सांगणारी दोन अक्षरं कुंकवाखाली होती.

मास्तरांची काम करण्याची रीत संथ आहे. आधी ते काहीच करत नाहीत. वाद्य टेबलावर ठेवतात, खोलीतला दिवा मालवतात आणि साधी विजेरी लाकडाला जवळजवळ टेकवून आडवा उजेड पाडतात. आडव्या उजेडात उथळातली उथळ खाचही सावली टाकते आणि अक्षर वर येतं. सकाळच्या कोवळ्या उन्हात शेतातल्या जुन्या वाटा दिसतात आणि दुपारी दिसत नाहीत, तसं. “निम्मी नावं इथंच वाचून होतात साहेब,” ते म्हणतात, “वाचायचंच असेल तर हात लावायची गरज नसते.” मग पतंगाचा पातळ कागद ठशावर ठेवून मऊ पेन्सिलीनं हलक्या हातानं घासायचं. आपण लहानपणी नाण्यावर कागद ठेवून घासायचो, तेच. मोबाइल आल्यापासून ते फोटोही काढतात. पण कागदावरच्या ठशावर त्यांचा विश्वास जास्त. त्यांच्याकडे लांबलचक वही आहे, तिच्यात दुकानात आलेल्या प्रत्येक वाद्याचा असा ठसा चिकटवलेला, खाली तारीख आणि गिऱ्हाइकाचं गाव.

त्यानंतर चाव्या काढायच्या. एकेक स्क्रू, एकेक सळई, ज्या क्रमानं निघाली त्या क्रमानं अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये. हे अशासाठी, की चाव्यांखाली पॅड असतात आणि त्यांना तेल लागलं की त्या मेल्या. पॅड बसवलेले असतात लाखेवर आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. नवशिक्यांचा हात पहिल्यांदा स्पिरिटच्या बाटलीकडेच जातो. मळ निघतो खरा, पण स्पिरिट ओघळून आत गेलं की पॅड गळून पडायला लागतात. मास्तरांच्या दुकानात स्पिरिटची बाटली आहे, पण ती ठशाच्या आसपास फिरकत नाही.

खरं काम सुरू होतं ते कोरड्या मऊ कुंचल्यानं. वरची धूळ, सुटा गुलाल एवढं त्यानं जातं. मग बांबूच्या काडीला कापूस गुंडाळून, बदामाच्या तेलाचा एक थेंब, बस एकच, कुंकवाच्या थरावर ठेवायचा आणि चहा प्यायला जायचं. घाई केली की लाकूड ओरबाडतं. अर्ध्या-पाऊण तासानं थर मऊ पडतो. बांबूच्याच निमुळत्या टोकानं तो खाचेतून उचलायचा. सुई नाही, टाचणी नाही, ब्लेड तर नाहीच. “बांबू लाकडापेक्षा मऊ आहे,” मास्तर म्हणतात, “चुकला तर बांबू मोडंल. सुई चुकली तर नाव मोडंल.” खोबरेलाचा चिकट पापुद्रा असेल तर लायटरमध्ये घालतात त्या पेट्रोलमध्ये बुडवून पिळून काढलेला कापूस एकदाच फिरवायचा, आणि लगेच पुन्हा बदामाच्या तेलाचा हात द्यायचा, नाही तर लाकूड कोरडं पडून भेगाळतं. कुणी पूर्वी जवसाचं तेल चोळलेलं असलं तर मात्र मास्तर कपाळाला हात लावतात. जवस वाळलं की त्याचं व्हार्निश होतं, ते खाचेत पिवळ्या काचेसारखं बसतं. ते ओरबाडत नाहीत. तसंच ठेवतात.

चाव्या उजळायला वापरतात त्या डब्यातल्या पॉलिशचं एक वेगळंच प्रकरण आहे. चावी लख्ख होते, पण पॉलिश लाकडावर सांडून अक्षरांत शिरतं आणि वाळून पांढरं फटक होतं. पुष्कळांना वाटतं, नावात मुद्दाम पांढरा रंग भरलेला आहे! चांदीच्या बासरीवर तर त्याहून वाईट. चांदीवरचे बारीक कस-ठसे आधीच नाजूक. दर आठवड्याला प्रेमानं चोळणारा मालक मिळाला की दहा-वीस वर्षांत ते गुळगुळीत. सॅक्सोफोनचंही तेच. पितळेचा असूनही तो सुषिर वाद्यांच्या लाकडी घराण्यातच गणतात, कारण त्याचा आवाज क्लॅरिओनेटसारखा पत्तीतून निघतो. आदोल्फ साक्सनं १८४६ साली त्याचं पेटंट घेतलं. जुन्या सॅक्सोफोनच्या तोंडावर पानाफुलांची सुंदर हातनक्षी असते. गोव्यातून मुंबईच्या फिल्म स्टुडिओत आलेल्या वादकांच्या हातांत अशी वाद्यं असत. नवं दिसावं म्हणून कुणी ते बफिंगच्या चाकावर धरलं आणि पुन्हा लॅकर मारलं, की नक्षीच्या कडा बोथट होतात. फूल राहतं, पाकळ्या जातात. जगभरचे संग्राहक अशा चकचकीत वाद्याला मळक्या पण मूळ वाद्यापेक्षा कमी किंमत देतात. आपल्याकडच्या गिऱ्हाइकाला हे पटवताना मास्तरांचा घसा कोरडा पडतो.

मग राहिलं सोनं. पॅरिसच्या ब्यूफे क्रांपोंसारख्या कारखान्याच्या वाद्यांवर नावाच्या खाचांत सोनेरी रंग भरलेला असतो. तो उडाला तर पुन्हा भरावा का? यात मास्तरांचा नियम सरळ आहे. भिंग लावून अक्षरांच्या आतल्या कोपऱ्यांत बघायचं. मूळचं सोनं कितीही गेलं असलं तरी कुठे तरी एखादा कण अडकलेला सापडतो. सापडला तर सोनेरी मेणाची कांडी ठशावर आडवी फिरवायची आणि पोस्टकार्डाभोवती फडकं ताणून वरचं वर पुसून घ्यायचं. खाचेतलं राहतं, वरचं जातं. मेणच का? तर उद्या कुणाला नको वाटलं तर ते काढता येतं. ऑइलपेंट भरला की तो कायमचा. आणि कण सापडला नाही, तर सोनं भरायचं नाही. इंग्रजी कारखान्यांची बरीचशी वाद्यं मुळातच बिनसोन्याची, नुसती दाबलेल्या अक्षरांची होती. त्यांना सोनं चढवणं म्हणजे म्हाताऱ्या माणसाच्या सहीवरून पेन फिरवून ती ‘ठळक’ करण्यासारखं. बँकेत असा चेक मी परत पाठवला असता.

अक्षर खोल करून देणारे मात्र आहेत. पुसट नाव छिन्नीनं पुन्हा कोरायचं. त्याचा पत्ता लगेच लागतो, कारण दाबलेल्या खाचेचा तळ गोलसर आणि करपट असतो, कोरलेल्या खाचेचा तळ धारदार आणि ताज्या लाकडाच्या रंगाचा. एकदा हे केलं, की खऱ्या वाद्यालाही कुणी खरं मानत नाही. नाव ही वाऱ्याच्या वाद्यांच्या बाजारातली फार जुनी चलनी नोट आहे, आणि जिथे नोट तिथे खोटी नोट. फ्रान्समध्ये नॉर्मंडीत ला कुत्युर-बुसे नावाचं एक खेडं आहे. सतराव्या शतकापासून ते गावच्या गाव बासऱ्या, ओबो, क्लॅरिओनेट घडवत आलं आणि १८८८ पासून तिथे त्याच वाद्यांचं म्युझियम आहे. अशा गावांतून वाद्यं तयार होत आणि ज्या शहरातला दुकानदार मागेल त्याच्या नावाचा ठसा त्यांवर बसे. तेव्हा ठशावरचं नाव घडवणाऱ्याचं की विकणाऱ्याचं, हासुद्धा अभ्यासाचा विषय. लिंडसे लँगविल या गृहस्थांनी वाऱ्यावरच्या वाद्यांच्या कारागिरांची सूची १९६० साली छापली. पुढे विल्यम वॉटरहाउस यांनी ती वाढवून १९९३ साली नव्यानं काढली. नुसती नावं, ठसे, पत्ते आणि सालं. वाचायला टेलिफोन डिरेक्टरीइतकी रुक्ष, पण या धंद्यातलं तेच पंचांग.

वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये डेटन मिलर नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं जमवलेल्या सतराशेच्या आसपास बासऱ्या आहेत. मिलर १९४१ मध्ये वारले आणि संग्रह तिथे आला. त्यातली एक बासरी काचेची, पॅरिसच्या क्लोद लोराँनं घडवलेली. तिच्या चांदीच्या जोडावर अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स मॅडिसन यांचं नाव आणि हुद्दा कोरलेला आहे, साल १८१३. २०२२ मध्ये लिझो या गायिकेनं ती वाजवली तेव्हा वर्तमानपत्रांत तिचे फोटो आले होते. तशा काचेच्या बासऱ्या लोराँनं आणखीही केल्या. पण हीच ती, हे त्या कोरलेल्या ओळीमुळे ठरलं.

अध्यक्षांचं झालं. आता सातारा जिल्ह्यातल्या एका बँडवाल्याचं सांगतो.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात मी दुकानात बसलो असताना शिरवळकडच्या एका कारखान्यात फिटर असलेला एक तरुण धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं क्लॅरिओनेट घेऊन आला. आजोबांचं. आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुंबईचा एक जुन्या वस्तूंचा व्यापारी गावात येऊन ते बघून गेला होता आणि त्यानं अट घातली होती, की साहेबाचं नाव सोन्यानं झळकवून आणा, खालचं खरवडलेलं घासून काढा, मग पंधरा हजार देतो. ‘खरवडलेलं’ म्हणजे कारखान्याच्या ठशाखाली खिळ्यानं किंवा दाभणानं काढलेली वेडीवाकडी चार देवनागरी अक्षरं होती. तीन अक्षरांत नाव, एका अक्षरात गाव.

मास्तरांनी नेहमीप्रमाणे दिवा मालवला. कुंकू काढायला दोन दिवस लागले. हॉक्स अँड सन, डेन्मन स्ट्रीट. पट्टीची अक्षरं एल. पी., म्हणजे पेटीला जुळणारं. सोन्याचा कण कुठेही नाही. आणि क्रमांक उघडे झाले तेव्हा वरच्या कांड्याचा एक, खालच्याचा दुसराच. चांगल्या कारखान्याच्या वाद्यात दोन्ही कांड्यांना एकच क्रमांक असायला हवा. दोन क्रमांक म्हणजे दोन वाद्यांची एक मोट बांधलेली. संग्राहकाच्या बाजारात त्याची किंमत निम्म्यावर येते.

तरुण परत आला तो आजीला घेऊनच. मास्तरांनी दोन आकडे दाखवले. मुलाचा चेहरा उतरला. आजी म्हणाली, “त्येला काय हुतंय? खालचं कांडं दुसरंच हाय की. दुष्काळात तडाकलं पैलं.” म्हणजे १९७२ चा दुष्काळ. त्या वर्षी लग्नंच लागली नाहीत, वाद्य खुंटीला टांगलेलं राहिलं, आणि उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत खालचं कांडं उभं फाटलं. फलटणकडच्या एका मोडलेल्या बँडकडे तसंच एक वाद्य पडून होतं, त्याचं खालचं कांडं तेवढं मिळत होतं. आजीनं दुभती शेळी विकली.

“आणि हे नाव?” मी खरवडलेल्या अक्षरांकडे बोट दाखवलं.

“त्येच येत हुतं त्यास्नी. बाकी लिवता न्हाई आलं कदी.”

बँकेत मी अंगठे पाहिले आहेत आणि सह्याही पाहिल्या आहेत. अंगठा सोडून सहीवर आलेल्या माणसाच्या अक्षरात एक विशिष्ट घट्टपणा असतो, प्रत्येक काना मुळापासून ओढलेला. तो त्या लाकडावर होता. शिरोरेघ मात्र काढायची राहून गेली होती, कारण वर लंडनचा पत्ता आडवा आला होता.

मास्तरांनी मुलाला फार काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, “घासायचं तर तू दुसरीकडं ने बाबा. माझ्या हातानं व्हायचं नाही.” मुलगा थोडा वेळ बोलला नाही. पंधरा हजार ही त्याच्या दृष्टीनं लहान रक्कम नव्हती, घराच्या पत्र्यांचं काम अडलेलं होतं. त्यानं तिथूनच व्यापाऱ्याला फोन लावला आणि दोन क्रमांकांचं सांगून टाकलं. व्यापारी सात हजारांवर आला, तेही खरवडलेलं काढलं तर. आजी बाकावर बसून चहा पीत होती. तिला फोनमधलं काही ऐकू गेलं नसावं. मुलानं फोन ठेवला आणि मास्तरांना विचारलं, “वाजंल का हे?”

वाजण्यासारखं होतं. सगळे पॅड बदलावे लागले, दोन स्प्रिंगा गेल्या होत्या, जोडाचा बूच नवा घातला. ठशाला सोनं लावलं नाही. खरवडलेल्या अक्षरांवरून बदामाच्या तेलाचा बोळा फिरवला, तेवढी ती काळी होऊन उठून दिसायला लागली. वहीत त्या दिवशी दोन ठसे चिकटवले गेले, एक हॉक्स अँड सनचा आणि त्याखाली दुसरा. गणपतीच्या चार दिवस आधी मुलगा वाद्य घेऊन गेला. मास्तरांनी पॅड आणि स्प्रिंगांचे बाराशे घेतले. ठसे साफ केल्याचे पैसे ते कुणाकडूनच घेत नाहीत. मात्र येत्या खंडेनवमीला गंध चाव्यांच्या खाली, उघड्या लाकडावर लावायचं, हे त्यांनी आजीला दोनदा बजावून सांगितलं.